विमान खासगी, बिल त्याहून खासगी

चौक गाव सोडून कर्जतच्या रस्त्याला लागलं की शेतं दिसायच्या आधी शेतांच्या जाहिराती दिसतात. पूर्वी या फलकांवर नदी असायची, डोंगर असायचा आणि कर्जत तालुक्यात कधीही न उगवलेली पाइनची झाडं असायची. अलीकडे चित्राच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटं, पांढरं, टोकदार नाकाचं विमान आलंय. खाली मजकूर : 'विमानतळ फक्त ४० मिनिटं'. कुठल्या वाहनाने आणि कुठल्या वारी, ते लिहिलेलं नसतं. शनिवारी सकाळी खालापूरच्या टोलनाक्यावर ज्याने रांग धरली आहे, त्याची चाळीस मिनिटं तिथेच संपलेली असतात.

विमान खोटं नाही. ८ ऑक्टोबर २०२५ ला पंतप्रधानांनी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन केलं आणि २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं उडायला लागली. उलव्यात धावपट्टी झाली आणि इकडे नेरळपासून खोपोलीपर्यंत एकेका बांधाला पंख फुटले. कर्जत–पनवेल लोकलचं मात्र अजून 'लवकरच' चाललंय. साडेएकोणतीस किलोमीटरचा मार्ग, त्यात वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा. बोगदा आरपार झाला, लोकल आरपार व्हायची आहे. पण फलकावर लोकलचं चित्र कुणी काढत नाही. गिऱ्हाइकाला गर्दी आठवायची आणि सौदा मोडायचा.

एका जमीनदलालाने मला समजावून सांगितलं.

"दादा, पार्टी मोठी आहे. स्वतःचं जेट आहे."

"जेट उतरणार कुठे?"

"उलव्याला."

"आणि पुढे?"

"पुढे हेलिकॉप्टर."

"ते कुठे उतरणार?"

त्याने डोळ्यांनीच समोरचं मैदान दाखवलं. ते गावचं गुरचरण होतं. मधोमध एक म्हैस बसली होती आणि तिला या योजनेची कल्पना कुणी दिलेली नव्हती.

आता या जेटवाल्यांना उलव्याचं एवढं अप्रूप का, ते जरा समजून घेऊ. खासगी विमानाचा खरा प्रश्न उडण्याचा नसतो, उभं राहण्याचा असतो. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकीवरच काम चालतं. त्यावर देशभराची गर्दी. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने कंटाळून सांगितलं की गर्दीच्या वेळेला तासाला ४६ विमानांची ये-जा होते, ती ४४ करा, आणि खासगी विमानांना त्या वेळात लांब ठेवा. शिवाय तिथे उभं राहायलाही जागा कमी. म्हणून शेठजींना सांताक्रूझला उतरवून विमान रिकाम्या पोटी दुसऱ्या शहरात झोपायला जातं आणि सकाळी शेठजींना न्यायला पुन्हा रिकामंच येतं. आपण एका माणसाने गाडी घेऊन ऑफिसला जाणं म्हणजे उधळपट्टी म्हणतो. इथे शून्य माणसं प्रवास करतात, तेही तासाला लाखांच्या हिशेबाने.

जागा अडवणं म्हणजे काय, ते विजय मल्ल्यांच्या विमानाने दाखवून दिलं होतं. सेवाकर खात्याने जप्त केलेलं ते एअरबस २०१३ पासून मुंबई विमानतळावर तसंच उभं होतं. मालक लंडनला, विमान सहारला. २०१६ मध्ये लिलाव पुकारला, राखीव किंमत दीडशे कोटींच्या वर. बोली आली एक कोटी नऊ लाखांची. आपल्याकडे बैलबाजारातसुद्धा एवढी घासाघीस कुणी करत नाही. शेवटी २०१८ मध्ये ते ३४.८ कोटींना गेलं, तोवर विमानतळवाले जागा मोकळी करून मागत कोर्टाच्या पायऱ्या झिजवून दमले होते.

रिकाम्या फेऱ्यांवर धंदेवाल्यांनी आता तोड काढली आहे. त्याला ते एम्प्टी लेग म्हणतात. परतीचं रिकामं विमान मोबाइलवर स्वस्तात विकायचं. स्वस्त म्हणजे त्यांच्या भाषेतलं स्वस्त. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत याचं मोठं कौतुक चाललंय, नवा विचार, नवी पिढी वगैरे. खोपोलीच्या कुठल्याही ट्रकवाल्याला विचारा. तो याला रिटर्न भाडं म्हणतो आणि त्याच्या आजोबांनाही ते माहीत होतं. फरक एवढाच की ट्रकवाल्याच्या रिटर्न भाड्यात कांदे असतात आणि त्याची कुणी मुलाखत घेत नाही.

जगभर हे वाढतंय. स्वीडनमधल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली झालेला एक अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी जगातल्या सुमारे २६ हजार खासगी विमानांच्या फेऱ्या तपासल्या. २०१९ ते २०२३ या चार वर्षांत त्यांचा कार्बन ४६ टक्क्यांनी वाढला होता. मला त्यातला दुसरा आकडा जास्त आवडला : यातल्या जवळजवळ निम्म्या फेऱ्या ५०० किलोमीटरच्या आतल्या होत्या. म्हणजे मुंबई–गोवा. म्हणजे आपले कर्जतचे लोक दर मे महिन्यात पनवेलला एसटी पकडून, रात्रभर मान मोडून जे अंतर कापतात, तेच.

आणि आपल्याच तालुक्यात, डोक्यावरून विमानं जात असताना, माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते. पुढे घोडा, नाहीतर पाय. नाहीतर, निदान २०२५ पर्यंत तरी, माणसाने माणसाला ओढायची हातरिक्षा. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सुनावलं की ही हातरिक्षा माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, सहा महिन्यांत बंद करा आणि ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या. एवढं सांगायला स्वातंत्र्यानंतर ७८ वर्षं लागली. ई-रिक्षासाठी रिक्षावाल्यांनी किती खेटे घातले असतील! सरकारी कागदाचा वेग तेवढा आजही हातरिक्षाचाच आहे.

आता मुद्द्यावर येऊ. कर्जत–खालापूरचा चार्टर्ड विमानाशी संबंध काय, असं कुणी विचारलं तर त्याला जून २०२२ ची आठवण करून द्या. २० तारखेला विधान परिषदेची मतमोजणी झाली आणि शिवसेनेच्या आमदारांच्या गाड्या रातोरात सुरतेकडे लागल्या. सुरतेहून २२ तारखेच्या पहाटे चार्टर्ड विमानाने गुवाहाटी. २९ ला गुवाहाटीहून तसंच गोवा. ३० ला एकनाथ शिंदे मुख्यमंत्री. त्या मुक्कामात रायगडातले शिवसेनेचे तिन्ही आमदार होते : महाडचे भरत गोगावले, अलिबागचे महेंद्र दळवी आणि आपले कर्जतचे महेंद्र थोरवे.

गुवाहाटीहून सांगोल्याच्या शहाजीबापू पाटलांनी फोनवर झाडी, डोंगार आणि हाटिलाचं जे वर्णन केलं, ते महाराष्ट्राला पाठ झालं. सांगोला दुष्काळी, त्यामुळे बापूंचं भारावणं समजू शकतो. पण त्याच हाटिलात कर्जतचा आमदार होता. ज्याच्या मतदारसंघात माथेरान आहे, पेबचा किल्ला आहे, कोथळीगड आहे, उल्हास आणि पेज आहेत, भिवपुरीचा धबधबा आहे, त्याला झाडी आणि डोंगार बघायला दोन हजार किलोमीटर उडत न्यायचं! हाटिलंही आपल्याकडे कमी नाहीत, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. सगळे आमदार कर्जतला उतरवले असते तर विमानाचा खर्च वाचला असता, आणि स्टेशनात दिवाडकरांचा वडाही मिळाला असता. मातोश्रीपासून जरा जवळ पडलं असतं, एवढीच अडचण.

त्या विमानांचं भाडं कुणी भरलं? विरोधकांनी विचारलं, पत्रकारांनी विचारलं. मी अजून पावती पाहिलेली नाही. तुम्हीही नसेल पाहिली. हे असं दरवेळी होतं. खासगी विमानात बसणाऱ्यांची तोंडं सगळ्यांना दिसतात, काचेतून हात हलवतानाचे फोटो येतात, सीटवरच्या द्राक्षांचेसुद्धा फोटो येतात. त्यात खासगी म्हणून जर काही असेल तर ते एकच : बिल भरणाऱ्याचं नाव.

आणि गंमत म्हणजे ते नाव आपल्यालाही नको असतं. अमेरिकेत नोव्हेंबर २००८ मध्ये मोटारींच्या तीन मोठ्या कंपन्यांचे प्रमुख सरकारकडे मदत मागायला वॉशिंग्टनला गेले, तिघेही आपापल्या कंपनीच्या वेगवेगळ्या जेटने. तिथल्या खासदारांनी भर बैठकीत त्यांची सालटी काढली : भीक मागायला आलात आणि येताना तीन विमानं? पुढच्या महिन्यात तिघेही डेट्रॉइटहून मोटारीने आले. आपल्याकडे हे जमायचं नाही. आपल्याकडे नेता मोटारीने आला तर सभेत कुजबुज सुरू होते, 'याचं तिकीट कापलं वाटतं.' हेलिकॉप्टरने आला की पोरं शाळा सोडून धावतात, म्हातारे कपाळावर हात धरून वर बघतात आणि वक्ता काय बोलला ते दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही. हेलिकॉप्टर कुठल्या रंगाचं होतं, ते मात्र पाच वर्षं आठवतं. थोरवे २०२४ ला पुन्हा निवडून आले. त्याची कारणं दहा असतील आणि त्यांतली काही चांगलीही असतील. पण विमानात बसले म्हणून कर्जतमध्ये त्यांच्यावर कुणी रुसलं, असं मला तरी कुणी भेटलं नाही. आपला माणूस विमानात बसला, याचंच कौतुक ऐकू आलं.

विमान कुणाचं, हे कळण्याची एक सोपी खूण आहे. ते कुणाच्या सांगण्यावरून थांबतं आणि कुणाच्या सांगण्यावरून फिरतं, ते बघायचं. ११ फेब्रुवारी २०२१ ला राज्यपाल भगतसिंह कोश्यारी देहरादूनला जायला मुंबईत सरकारी विमानात जाऊन बसले. पट्टा बांधला असेल, नसेल. मग कळलं की परवानगीच आलेली नाही. राज्यपाल उतरले आणि साधं तिकीट काढून प्रवासी विमानाने गेले. राज्याच्या प्रथम नागरिकाला महाविकास आघाडी सरकारने दाखवून दिलं की विमान राज्याचं असलं तरी किल्ली कुणाच्या खिशात आहे.

चार वर्षांनी, १० फेब्रुवारी २०२५ ला, याच्या उलटी कथा घडली. माजी आरोग्यमंत्री तानाजी सावंत यांचे चिरंजीव दोन मित्रांसह पुण्याहून चार्टर्ड विमानाने बँकॉकला निघाले. घरी न सांगता. पोराचं वय मतदानाचंच काय, निवडणूक लढवण्याचंही झालेलं. पोलिसांत अपहरणाची तक्रार गेली, पुण्याहून दिल्लीपर्यंत फोन फिरले, आणि अंदमानाच्या आसपास पोचलेलं विमान वळवून रात्री लोहगावला उतरवलं. आतल्या प्रवाशांना वळल्याचं कळू नये म्हणून नकाशा दाखवणारा पडदा बंद ठेवला होता, असं तेव्हा छापून आलं. म्हणजे बँकॉकला उतरलो म्हणून बाहेर बघतात तर विमाननगर. लाखो रुपये मोजून पुणे ते पुणे असा प्रवास त्यापूर्वी कुणी केला नसेल. बापाची काळजी मी समजू शकतो. पण कर्जतमधली पोरगी हरवल्याची तक्रार द्यायला जा, ठाणे अंमलदार आधी विचारतो, मैत्रिणीकडे बघितलंत का?

या उडत्या यंत्रांची दुसरी बाजू खालापूर तालुक्याने पाहिली आहे. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जायला रस्ता नव्हता, पायवाटेने तास-दीड तासाची उभी चढण. जेसीबी चढेना. हवाई दलाची दोन हेलिकॉप्टर सज्ज ठेवली होती, पण पाऊस आणि ढगांमुळे ती उडू शकली नाहीत. मुख्यमंत्रीही पायी वर गेले. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. चौथ्या दिवशी शोध थांबवला.

त्या दिवशी हेलिकॉप्टर आलं नाही, यात कुणाचा दोष काढणार नाही. तशा ढगात ते घालणं म्हणजे आणखी चार माणसं घालवणं. मी बोलतोय ते लख्ख उन्हाच्या दिवसांबद्दल. कर्जत–खालापूरच्या डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांमधून अडलेली बाई उन्हाळ्यातही झोळीतूनच खाली येते. आणि त्याच उन्हाळ्यात प्रचाराचं हेलिकॉप्टर येणार असेल तर चार दिवस आधी बांधकाम खात्याचे लोक फित्या घेऊन मैदान मोजायला हजर. दगड उचलले जातात, चुन्याने गोल आणि त्यात 'एच' काढला जातो. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं जातं. शेजारच्या वाडीला त्या महिन्यात टँकर आठवड्याने येत असला तरी. मग अग्निशमनची गाडी येते, रुग्णवाहिका येते, आत डॉक्टर असतो. सभा पाऊण तास चालते. हेलिकॉप्टर उडतं, पाठोपाठ अग्निशमन जाते, रुग्णवाहिका जाते, डॉक्टर जातो. टँकर तर आधीच गेलेला असतो.

खर्चाचं विचाराल तर तोही कायद्याने बसवलेला आहे. विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. जिल्हा निवडणूक अधिकारी दरपत्रक काढतात : चहा इतक्याला, वडापाव इतक्याला, खुर्चीचं भाडं इतकं, फेटा इतका. कार्यकर्त्याने दोन वडे जास्त खाल्ले तर ते उमेदवाराच्या वहीत चढतात. खर्चनिरीक्षक व्हिडिओ बघून ताटं मोजतो. पण वरून जे घरघरत येतं, ते वहीत नसतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमात सोय आहे : पक्षाने ज्यांची नावं वेळेत कळवली, अशा स्टार प्रचारकांचा विमानप्रवास उमेदवाराच्या खर्चात धरत नाहीत. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० जण मिळतात. खर्च पक्षाच्या नावावर, आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. म्हणजे कर्जतच्या निवडणुकीत वडा मोजला जातो आणि हेलिकॉप्टर मोजलं जात नाही. वडा जमिनीवर असतो ना!

याला एक छोटी पाचर आहे. उमेदवार जर नेत्याच्या शेजारी हेलिकॉप्टरमध्ये बसला, तर भाड्याचा निम्मा हिस्सा त्याच्या खात्यात पडतो. म्हणून तर आपले उमेदवार एवढे नम्र. नेता आकाशातून येतो आणि उमेदवार खाली उन्हात, पागोट्याला हात धरून, हार घेऊन उभा असतो. लोकांना वाटतं, केवढी ही निष्ठा!

अशाच एका सभेनंतर गर्दी पांगताना मी एका कार्यकर्त्याला हेच विचारलं. "काय भाऊ, तुमचे साहेब हेलिकॉप्टरमध्ये बसून पुढच्या सभेला का नाही गेले? मागून गाडीने धूळ खात निघालेत ते?"

तो हातातला वडा चावत म्हणाला, "साहेब वर बसले असते, तर तुम्हाला-आम्हाला हा कुठून मिळाला असता?"